'बघून घेईन'ला इंग्रजीत काय म्हणाल?

गेल्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं क्लायंटला मेल टाकला. नोकरी नवीन, चौथाच महिना. क्लायंटनं काही आकडे मागितले होते. ते तिच्याकडे तयार नव्हते, म्हणून तिनं अगदी नम्रपणे लिहिलं, 'आय विल गेट बॅक ॲट यू बाय फ्रायडे.' तिला म्हणायचं होतं, शुक्रवारपर्यंत कळवते. लिहिलं गेलं, शुक्रवारपर्यंत तुमच्यावर सूड उगवते.

क्लायंट भला माणूस असावा. त्यानं उत्तरात एक हसरा चेहरा टाकला आणि विषय सोडून दिला. पण सीसीमध्ये तिच्याच टीममधला एक जण होता. त्यानं स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'पळा पळा, शुक्रवारी मॅडम येतायत!' मग काय, दिवसभर सगळे हसत होते. तीही हसली, कारण दुसरं करणार काय? संध्याकाळी बसमधून मला फोन केला तेव्हा मात्र आवाज वेगळा होता. 'एक ॲट लिहिलं तर एवढं काय बिघडलं?' हा तिचा पहिला प्रश्न. दोन दिवसांनी दुसरा आला. 'त्याला काहीतरी सणसणीत सांगायचंय, आणि इंग्रजीतच. काय लिहू?'

आजचा मजकूर या दोन प्रश्नांबद्दल आहे. आधी पहिला घेऊ, कारण त्याचं उत्तर कळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही.

आपण इंग्रजी शिकलो ते शब्दार्थ पाठ करून. गेट म्हणजे मिळणे, बॅक म्हणजे परत, गेट बॅक म्हणजे परत येणे किंवा परत मिळवणे. इथवर सगळं ठीक. पुढे टू येणार की ॲट, याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण टू, ॲट, ऑन, आऊट हे सगळे आपल्या लेखी चिल्लर शब्द. व्याकरणाच्या तासाला 'रिकाम्या जागा भरा' यापलीकडे त्यांना किंमत नाही. पण इंग्रजी बोलणारा माणूस वाक्याचा सगळा राग, लोभ, रोख या चिल्लरीतच ठेवतो.

क्रिकेटच्या मैदानावर चला, लगेच कळेल. 'थ्रो इट टू द कीपर' म्हणजे कीपरला झेलता येईल असा चेंडू टाक. 'थ्रो इट ॲट द स्टम्प्स' म्हणजे नेम धरून स्टंपांवर मार. चेंडू तोच, हात तोच. टू म्हटलं की समोरच्याच्या हातात काहीतरी पोचवायचं असतं, ॲट म्हटलं की समोरचा निशाणा होतो. 'शाऊट टू हर' म्हणजे तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं हाक मारणं, 'शाऊट ॲट हर' म्हणजे तिच्यावर ओरडणं. 'लाफ ॲट' हेही त्यातलंच. आता 'गेट बॅक टू यू' आणि 'गेट बॅक ॲट यू' पुन्हा वाचा. पहिल्यात तुम्ही उत्तर घेऊन त्या माणसाकडे परत जाताय. दुसऱ्यात तुम्ही परत येताय खरे, पण नेम धरून.

हे वाचून 'काय ही विचित्र भाषा' असं वाटलं असेल तर जरा थांबा. आपली मराठी याहून साधी आहे असं समजू नका.

'बघतो' आणि 'बघून घेतो' यात फरक काय, हे तुम्हाला कुणी शाळेत शिकवलं होतं का? नाही. तरी तुम्ही चुकत नाही. 'तुमचं काम मी बघून घेतो' हे वाक्य ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी खूश होतात. 'तुम्हाला मी बघून घेतो' हे ऐकून तेच सेक्रेटरी वॉचमनला हाक मारतात. क्रियापद तेच. 'काम'च्या जागी 'तुम्हाला' आलं आणि मदतीची धमकी झाली. आता कल्पना करा, चेन्नईहून पुण्यात आलेला तुमचा एखादा सहकारी हौसेनं मराठी शिकतोय. त्याला 'मी तुमच्याकडे लक्ष देतो' असं म्हणायचंय आणि तो हसतमुखानं म्हणतो, 'काका, मी तुम्हाला बघून घेतो.' तुम्ही हसाल, पण त्याच्या मराठीबद्दल तुमचं मत वाईट होणार नाही. उलट 'शिकतोय बिचारा' असंच म्हणाल. हे औदार्य आपण आपल्याच माणसाच्या इंग्रजीला का दाखवत नाही, हा प्रश्न मला त्या स्क्रीनशॉटनंतर पडला आणि अजून सुटलेला नाही.

मराठीत याला संयुक्त क्रियापद म्हणतात. 'सुनावणं' वेगळं, 'सुनावून टाकणं' वेगळं. 'बोलणं' वेगळं, 'बोलून दाखवणं' वेगळं, 'उलटून बोलणं' तर फारच वेगळं. इंग्रजीत हेच काम मागे चिकटलेली छोटी अव्ययं करतात, आणि त्या जोडीला ते फ्रेजल व्हर्ब म्हणतात. या जोड्या परक्या माणसाला सगळ्यात जास्त छळतात, हे सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपल्या प्रसिद्ध शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल करून टाकलंय. तेव्हा तुम्हाला त्या अवघड जात असतील तर पावणेतीनशे वर्षांची परंपरा तुमच्या पाठीशी आहे.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे 'शंभर फ्रेजल व्हर्ब्ज अर्थासहित' अशी पीडीएफ. ती तुमच्याही फोनमध्ये असेल, उघडली नसेल. उघडून उपयोगही नाही. त्यात 'गेट बॅक ॲट'समोर 'बदला घेणे', 'हिट बॅक'समोर 'बदला घेणे', 'पे बॅक'समोर 'परत करणे, बदला घेणे' असं छापलेलं असतं. म्हणजे उट्टं काढणं, वचपा काढणं, खुन्नस काढणं आणि हिशेब चुकता करणं हे सगळं एकच, असं एखाद्या परदेशी माणसाला सांगण्यातला प्रकार. तुम्हाला माहितीय ते एक नाही. लहानपणी भावानं तुमचं पेन मोडलं आणि तुम्ही महिनाभरानं त्याची पतंग फाडली, ते उट्टं. मॅचमध्ये मागच्या वर्षी हरलो, यंदा हरवलं, तो वचपा. विनाकारण बाइक आडवी घालून बघत राहणं, ती खुन्नस. इंग्रजीतही असेच कप्पे आहेत. ते कप्पे कळले की यादी पाठ करावी लागत नाही.

'गेट बॅक ॲट' हा उट्ट्याचा कप्पा. त्यात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, आधी कुणीतरी तुम्हाला दुखावलंय. दोन, तुम्ही ते लक्षात ठेवलंय. हे लगेच होत नाही, सावकाश होतं, आणि बऱ्याचदा आडून होतं. 'शी गॉट बॅक ॲट हिम बाय टेलिंग हिज मदर' म्हणजे त्याच्या आईला सांगून तिनं उट्टं काढलं. कशानं काढलं ते बाय सांगतो. कशाबद्दल काढलं ते सांगायचं तर फॉर: 'ही गॉट बॅक ॲट मी फॉर टेलिंग द टीचर.' आणि ज्याच्यावर काढलं तो नेहमी ॲटच्या पुढेच बसतो. 'गेट हिम बॅक ॲट' असं होत नाही. नुसतं 'गेट हिम बॅक' मात्र होतं, आणि तिथे गंमत आहे. 'आय विल गेट हिम बॅक' याचा अर्थ 'मी त्याचा वचपा काढीन' असाही होतो आणि 'मी त्याला परत मिळवीन' असाही. ब्रेकअपनंतर कुणी हे वाक्य स्टेटसला ठेवलं तर दोन्ही शक्यता धरून चाला.

'हिट बॅक' वेगळं. हे ताबडतोब होतं आणि चारचौघांत होतं. इंग्रजी पेपरचा मथळा आठवा, अमुक मंत्री 'हिट्स बॅक ॲट' टीकाकार. म्हणजे त्यांनी कुणाला मारलं नाही, प्रत्युत्तर दिलं. पण ॲट काढून 'ही हिट हिम बॅक' म्हटलं की मामला खरोखर हातघाईवर गेला, एकानं मारलं म्हणून दुसऱ्यानंही मारलं. त्यामुळे 'ऑफिसमध्ये मला बोलला, मीही सुनावलं' हे सांगायचं असेल तर 'आय हिट हिम बॅक' म्हणू नका. ऐकणारा विचारेल, कुठे लागलं त्याला? जाता जाता, हिटचा भूतकाळही हिटच. 'हिटेड' असा शब्द नाही. 'स्ट्राइक बॅक' हा त्याचाच थोरला भाऊ, जरा युद्धाच्या भाषेतला. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या सिनेमामुळे तो जगभर पोचला. हॉस्टेलच्या भांडणाला तो शोभत नाही, अर्थात विनोद करायचा असेल तर शोभतो.

'फाइट बॅक'ला मात्र मी सूडाच्या यादीत घालणार नाही, जरी पीडीएफवाले घालत असले तरी. मार्च २००१ मध्ये कोलकात्यात ऑस्ट्रेलियानं आपल्याला १७१ वर गुंडाळून फॉलोऑन दिला. सलग १६ कसोटी जिंकून आलेली टीम होती ती. मग लक्ष्मणचे २८१, द्रविडचे १८०, दोघांची ३७६ ची भागीदारी, आणि आपण ती कसोटी १७१ धावांनी जिंकलो. याला म्हणायचं फाइट बॅक. भिंतीला पाठ लागली असताना झुंज देणं. त्यात कुणाचं उट्टं काढणं नाही. म्हणूनच इंग्रजीत आजाराशीही 'फाइट बॅक' करतात आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. 'शी फॉट बॅक हर टिअर्स' म्हणजे तिनं अश्रू आवरले. पाण्यावर कोण सूड घेतो?

आणि 'बाउन्स बॅक'. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला सगळा संघ ३६ धावांत बाद झाला. कर्णधार कोहली घरी परतला. पुढच्याच कसोटीत मेलबर्नला आपल्या अजिंक्य रहाणेनं ११२ केले, सामना जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनमध्ये ३२८ चं लक्ष्य गाठून मालिका २-१ अशी खिशात घातली. आपल्याकडे काही जणांनी याला 'बदला' म्हटलं. इंग्रजीत याला 'बाउन्स्ड बॅक फ्रॉम थर्टी सिक्स ऑल आऊट' म्हणता येतं. फ्रॉम बघा. ॲट नाही. म्हणजे वाक्यात समोर शत्रूच नाही, फक्त मागे टाकलेला एक वाईट दिवस आहे. मला हे फार आवडतं. मराठीत 'उसळी मारली' म्हणतो त्याच्या हे जवळ जातं, पण आपल्या क्रीडा पानांना बदल्याशिवाय जेवण जात नाही.

आता जरा टोचणारा भाग. 'टॉक बॅक' आणि ब्रिटिश लोकांचं 'आन्सर बॅक'. अर्थ, उलट बोलणं. 'डोन्ट टॉक बॅक टू युअर फादर.' हा शब्द कोण कुणाबद्दल वापरतं याकडे लक्ष द्या. बाप मुलाबद्दल वापरतो, मास्तर विद्यार्थ्याबद्दल, साहेब शिपायाबद्दल. 'साहेबांनी शिपायाला उलट उत्तर दिलं' असं वाक्य तुम्ही कधी ऐकलंय? मराठीतही नाही, इंग्रजीतही नाही. साहेब उत्तर देतात तेव्हा ते नुसतं उत्तर असतं. शिपाई देतो तेव्हा ते उलट असतं. 'तोंड वर करून बोलतेस?' हे वाक्य घराघरांत मुलीला जितक्या वेळा ऐकवलं जातं तितकं मुलाला नाही, हेही तुम्हाला माहीत आहेच.

म्हणजे या शब्दात कृतीचं वर्णन कमी आणि बोलणाऱ्याची पायरी जास्त. अमेरिकन लेखिका बेल हुक्स यांनी नेमका हाच शब्द उचलला आणि १९८९ साली आपल्या पुस्तकाचं नावच 'टॉकिंग बॅक' ठेवलं. त्या वाढल्या त्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्तीत मुलांनी, त्यातही मुलींनी, मोठ्यांशी बरोबरीनं बोलणं म्हणजे टॉकिंग बॅक, आणि त्याला शिक्षा होती. त्यांनी तो ठपका अभिमानानं मिरवला. तुमच्यावर 'टॉक बॅक' केल्याचा आरोप झाला तर तीच घटना सांगायला तुमच्याकडे दुसरा शब्द आहे: 'स्टँड अप टू'. 'आय स्टुड अप टू हिम' म्हणजे मी त्याच्यापुढे ताठ उभी राहिले. इथे टू आहे, तरी निशाणा नाही, पाठीचा कणा आहे. म्हणजे मघाचा माझा टू-ॲटचा नियम इथे फार कामाचा नाही. भाषा अशीच असते, नियम सांगितला की दुसऱ्या दिवशी अपवाद घेऊन दारात उभी.

'क्लॅप बॅक' तुम्ही इन्स्टावर रोज वाचता. हाही टोला परतवणंच, पण झटपट, चुरचुरीत आणि प्रेक्षक असतील तरच. जा रूल या रॅपरचं २००३ मधलं एक गाणं याच नावाचं आहे आणि शब्द पसरायला त्यानं हातभार लावला. सेलिब्रिटी ट्रोलला उत्तर देते ते क्लॅप बॅक. तुम्ही आईला उत्तर देता ते क्लॅप बॅक नाही, ते टॉक बॅकच, आणि त्याचे परिणाम तुम्ही जाणता.

पैशाचा कप्पा राहिला. 'पे बॅक'. मित्राकडून पाचशे घेतले, 'आय विल पे यू बॅक ऑन मंडे.' साधा सज्जन व्यवहार. पण 'आय विल पे यू बॅक फॉर व्हॉट यू डिड' म्हटलं की मित्रानं पाचशे विसरून दार लावून घ्यावं. आपल्या 'फेडणं'चं असंच आहे. कर्ज फेडतो, नवस फेडतो, आईबापाचे पांग फेडतो, आणि उट्टंही फेडतो. माणसाच्या डोक्यात राग आणि कर्ज यांची वही एकच असावी. 'गेट इव्हन विथ' ही त्याच वहीतली शेवटची ओळ, जमा-खर्च समान, हिशेब चुकता. ब्रिटिश लोक 'गॉट माय ओन बॅक' असंही म्हणतात. आपण विचारतो, माय ओन काय? काहीच नाही. गेलेलं आपलं काहीतरी, बहुतेक अब्रू, परत मिळवली.

आणि चुकीच्या माणसावर निघालेला राग? त्याला इंग्रजीत 'टेक इट आऊट ऑन' आहे. बॉस ओरडला, घरी येऊन धाकट्या भावावर खेकसलात: 'आय टुक इट आऊट ऑन माय ब्रदर.' यातलं इट म्हणजे राग. मराठीत याला वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात. या एका बाबतीत तरी इंग्रजीनं आपल्या स्वयंपाकघरात येऊन शिकवणी लावावी. 'लॅश आऊट ॲट' म्हणजे तोल सुटून तुटून पडणं. लॅश म्हणजे चाबकाचा फटका, तो कुणाला लागतोय हे मारणाऱ्यालाही भान नसतं. 'टर्न ऑन' म्हणजे आपला म्हणवणारा अचानक उलटणं: 'हिज ओन फ्रेंड्स टर्न्ड ऑन हिम.' हे वापरताना शब्दांचा क्रम डोळ्यांत तेल घालून सांभाळा. 'ही टर्न्ड ऑन मी' म्हणजे तो माझ्यावर उलटला. 'ही टर्न्ड मी ऑन' म्हणजे काय ते इथे छापत नाही, हे पान घरातले सगळे वाचतात. मॅनेजरविरुद्धच्या तक्रारीत हे दुसरं वाक्य गेलं तर तक्रारीचं काय होईल, विचार करा.

तक्रारीवरून आठवलं, आणि हे मी गमतीत सांगत नाही. नोकरीला लागताना कंपनी जे जाडजूड धोरण वाचायला देते (आणि आपण न वाचता सही करतो), त्यात 'रिटॅलिएशन' हा शब्द बऱ्याचदा असतो. तक्रार केली म्हणून तक्रारदाराला त्रास देणं, बढती रोखणं, वाईट शिफ्ट लावणं, असा त्याचा तिथला अर्थ. मुळात लॅटिन शब्द, जशास तसे या कल्पनेतून आलेला. आपल्याकडे बोलताना उट्टं आणि कागदावर प्रतिशोध, तसं त्यांच्याकडे बोलताना गेट बॅक ॲट आणि कागदावर रिटॅलिएट. त्याच्या मागे अगेन्स्ट येतं: 'माय मॅनेजर रिटॅलिएटेड अगेन्स्ट मी.' तुमच्याशी कुणी असं वागत असेल तर मेलमध्ये हाच शब्द लिहा, कारण हा धोरणात लिहिलेला शब्द आहे आणि तो वाचल्यावर एचआरला सहज दुर्लक्ष करता येत नाही. 'ही इज गेटिंग बॅक ॲट मी' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल दोघांचं काहीतरी जुनं भांडण आहे, त्यात तुमचाही हात असणार. आणि रागाच्या भरात 'आय वॉन्ट टू गेट बॅक ॲट हिम' तर लेखी कधीच देऊ नका. न्याय हवाय असं तुम्हाला म्हणायचं असतं, पण पुढे तेच वाक्य तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवलं जाईल. इथे एका ॲटनं हसू होत नाही, नोकरी जाऊ शकते.

(बरेच जण ही सगळी भानगड टाळण्यासाठी 'आय विल रिव्हर्ट' लिहितात. काही जण 'रिव्हर्ट बॅक' लिहितात. कळवतो या अर्थानं तो आपल्याकडच्या ऑफिसांत रुळलेला शब्द आहे, बाहेरच्यांना तो बुचकळ्यात टाकतो. आपसात चालवा, परदेशी क्लायंटला नको.)

मग हे अंगवळणी कसं पाडायचं? माझा एकच सल्ला आहे. आपलं स्वतःचं भांडण इंग्रजीत लिहा. पुस्तकातले जॉन आणि मेरी भांडतात ते आपल्याला लक्षात राहत नाही, कारण त्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. पीजीतल्या बादलीवरून काल जे झालं ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. उदाहरणार्थ: 'माझी बादली तिनं न विचारता घेतली. मी काही बोलले नाही. आज मी तिचा शाम्पू लपवून उट्टं काढलं: आय गॉट बॅक ॲट हर बाय हायडिंग हर शाम्पू. तिनं सगळ्यांसमोर मला सुनावलं: शी हिट बॅक ॲट मी इन फ्रंट ऑफ एव्हरीवन. काकू मध्ये पडल्या, तर ही त्यांच्यावरच घसरली: शी लॅश्ड आऊट ॲट काकू. काकूंनी तो राग आमच्या दोघींवर काढला, रात्रीची भाजी दुधी: काकू टुक इट आऊट ऑन अस.' पाच मिनिटांचं काम आहे. भूतकाळ आपोआप येतो, ॲट आणि ऑन जागच्या जागी बसतात, आणि लिहिता लिहिता राग थोडा उतरतो. हे मी स्वतः करून बघितलंय, बादली माझी नव्हती एवढंच.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. स्क्रीनशॉट टाकणाऱ्याला काय लिहावं? आम्ही फोनवर बसून चार मसुदे केले. पहिला क्लॅप बॅक होता, फारच झकास जमला होता. त्यातलं व्याकरण निर्दोष होतं आणि ग्रुपवर पडला असता तर तो आठवडाभर तोंड लपवत फिरला असता. दुसऱ्यात तिनं त्याच्याच जुन्या मेलमधली चूक काढली होती, म्हणजे शुद्ध गेट बॅक ॲट. तिसरा एचआरला होता. तो तिनं वाचून लगेच पुसला, म्हणाली, एवढं काही झालेलं नाही. चौथा एकट्याला पाठवायचा होता, ग्रुपवर नाही. त्यात दोनच ओळी होत्या. चूक माझी होती, ती मला सांगितली असतीस तर आभार मानले असते. ग्रुपवर टाकलंस ते मला आवडलं नाही.

चौथा तिनं मराठीत पाठवला. इंग्रजीत नको का, विचारलं तर म्हणाली, त्याचंही घर सांगलीकडचंच आहे, त्याला कळेल. त्याचं उत्तर अर्ध्या तासानं आलं, 'सॉरी गं.' स्क्रीनशॉट त्यानं डिलीट केला. आकडे क्लायंटला गुरुवारीच गेले. पहिला मसुदा मात्र तिनं नोट्समध्ये जपून ठेवलाय, मला दाखवला परवा. एक स्वल्पविराम बदललाय त्यात.